हृदयरोग्याचा मधुमेह आणि स्मृतिभ्रंश

हृदयविकारात रक्तवाहिन्या कठीण व अरुंद होण्याची जी प्रक्रिया घडते, ती हृदयापाशी थांबत नाही. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के वाटा असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो, आणि म्हणून रक्तपुरवठ्यात दीर्घकाळ राहिलेली तूट त्याला सोसत नाही. हृदयरोग्याला मधुमेहाचीही जोड मिळाली, तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. येथे स्मृतिभ्रंश म्हणजे वाढत्या वयातील साधा विसराळूपणा नव्हे, तर स्मरण, भाषा, दिशाज्ञान व निर्णयशक्ती इतकी खालावणे, की रोजचे व्यवहारही दुसऱ्याच्या आधाराने करावे लागतात.

स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी ६० वर्षे व त्यावरील सुमारे अडीच हजार व्यक्तींचा १२ वर्षे मागोवा घेऊन २०२२ मध्ये जे मांडले, ते या संदर्भात विशेष महत्त्वाचे वाटते: मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांपैकी एकच आजार असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाच्या धोक्यातील वाढ ठळक नव्हती, परंतु एकाहून अधिक आजार एकत्र आले, तेव्हा तो धोका दुप्पट झाला. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल अभ्यासाने यात काळाचे परिमाण जोडले. सत्तरीच्या दहाहून अधिक वर्षे आधी मधुमेह जडलेल्यांत धोका सुमारे दुप्पट, तर अलीकडेच जडलेल्यांत तो फारसा वाढलेला नव्हता. भारतीयांना मधुमेह व हृदयविकार हे दोन्ही आजार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दशकभर आधी गाठतात, ही बाब लक्षात घेता हा निष्कर्ष येथे अधिकच गंभीर ठरतो.

यामागील कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. रक्तातील वाढलेली साखर सूक्ष्म धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करते, त्यामुळे मेंदूच्या खोल भागात बाहेरून जाणवणारही नाहीत असे छोटे छोटे आघात साचत जातात. दुबळे झालेले हृदय त्याच भागांना पुरेसे रक्त पोहोचवू शकत नाही. आणि हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात घडवू शकते.

मग साखर जितकी कमी तितके चांगले, असे म्हणता येईल का? अमेरिका व कॅनडातील अकॉर्ड या चाचणीत हृदयविकार असलेल्या किंवा तो होण्याची दाट शक्यता असलेल्या दहा हजारांहून अधिक मधुमेहींचा समावेश होता. मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न ज्या गटात झाला, त्या गटात मृत्यू अधिक झाल्याने तो उपचार २००८ मध्ये थांबवावा लागला. आणि मेंदूचे आकारमान त्या गटात किंचित अधिक टिकून राहिले असले, तरी बौद्धिक चाचण्यांत लाभ दिसला नाही.

साखर एकाएकी खाली जाणे, म्हणजे हायपोग्लायसेमिया, हे वृद्ध हृदयरोग्याच्या बाबतीत दुहेरी संकट आहे, कारण त्याने हृदयाची लयही बिघडू शकते आणि तीव्र झटके वारंवार येणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले आहे. हृदयविकारात सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे धडधड व थरथर ही पूर्वसूचना दबली जाते, घाम येणे मात्र बहुधा कायम राहते. घरच्यांना हे ठाऊक असणे अत्यंत आवश्यक आहे. म्हणूनच अनेक आजारांनी ग्रासलेल्या वयोवृद्धांसाठी एचबीएवनसी ८ टक्क्यांच्या आत असली तरी पुरेशी मानली जाते. स्मरण ढळू लागलेला रुग्ण इन्शुलिन दोनदा टोचून घेऊ शकतो किंवा गोळी घेऊन जेवायचे विसरू शकतो, त्यामुळे अशा रुग्णाच्या प्रत्येक भेटीत साखरेच्या आकड्याबरोबरच, औषधे कोण देते आणि ती चुकतात का, हे घरच्या माणसाला विचारून घेणे हाही उपचाराचाच भाग धरला पाहिजे.