समाजमंदिराचे दार कोणासाठी बंद?

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. "वकीलसाहेब, मला चौकीत बसवून ठेवलंय. पिशवी पण काढून घेतली." फोन करणारा आमच्याच वस्तीतला, 23-24 वर्षांचा तरुण. तो समलिंगी आहे आणि एका संस्थेत पीअर एज्युकेटर म्हणून काम करतो. म्हणजे आपल्यासारख्याच समलिंगी पुरुषांना गाठून त्यांना एचआयव्ही व गुप्तरोगांपासून वाचविण्याचे काम करतो. मी चौकीत पोहोचलो तेव्हा टेबलावर निरोधाची पाकिटे, जेलच्या पुड्या आणि सरकारी तपासणी केंद्राच्या चिठ्ठ्या मांडून ठेवल्या होत्या. जणू काही दरोड्याचा मुद्देमालच! सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केले म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 110 लावण्याची तयारी चालली होती.

मी अंमलदारांपुढे 2017 चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा ठेवला. त्याचे कलम 22 स्पष्ट आहे. संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केलेले कोणतेही काम गुन्हा ठरत नाही आणि ते कोणाला रोखताही येत नाही. रात्री दोन वाजता मुलगा सुटला.

पण तो चौकीतून सुटला, वस्तीतून सुटला नाही. आठवडाभराने समाजमंदिरात बैठक झाली. "असली कामं करणारा पोरगा जयंतीच्या कमिटीत नको, आपली पोरं बिघडतील," असे एक ज्येष्ठ म्हणाले. सर्वांनी माना डोलावल्या. त्याचे वडील खाली मान घालून बसले होते. त्या बैठकीत मीही होतो आणि मी गप्प बसलो. चौकीत कलमे सांगणारा वकील समाजमंदिरात मुका झाला! त्याची लाज वाटते म्हणूनच आज हा लेख लिहीत आहे.

आता प्रश्न असा की, हे काम करायला समलिंगी तरुणच का हवा? डॉक्टर, नर्स, सरकारी पोस्टर पुरेसे नाहीत काय? नाहीत. जो पुरुष आपली ओळख घरापासून, मित्रांपासून, बायकोपासूनही लपवितो, तो दवाखान्यातील खिडकीवर दहा माणसांच्या रांगेत काय बोलणार? गुदद्वारातील सिफिलिसची जखम बहुधा दुखत नाही, दिसतही नाही. रोगी सांगत नाही, डॉक्टर विचारीत नाही. अशा जखमेतून एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो. वास्तविक वेळीच निदान झाले तर सिफिलिस पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होतो. तेल वा मलम लावल्यास निरोध फाटतो, त्यासाठी पाण्यात विरघळणारे जेलच वापरावे लागते. ही साधी गोष्ट पोस्टरवर छापता येत नाही. ती विश्वासातला माणूसच सांगू शकतो. तोच तपासणीला सोबत जातो आणि अहवाल वाईट आला तरी हात सोडीत नाही.

मुंबईत 1994 साली अशोक राव कवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हमसफर ट्रस्ट स्थापन केली ती याच जाणिवेतून. पुण्यात 2002 साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केली. ज्यांच्यावर संकट होते त्यांनीच उपाय उभा केला. दुसऱ्या कोणी येऊन आपला उद्धार करील याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्या चळवळीला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

परंतु या कामाच्या मार्गात इंग्रजांनी 1860 साली घातलेला धोंडा होता, भारतीय दंड संहितेचे कलम 377. जुलै 2001 मध्ये लखनौ पोलिसांनी भरोसा ट्रस्ट व नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल यांच्या कार्यालयांवर छापे घातले. एचआयव्ही प्रतिबंधाचे साहित्य अश्लील म्हणून जप्त केले आणि चार कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकले. सुमारे दीड महिना ते आत होते. रोग पसरू नये म्हणून झटणारे गुन्हेगार ठरले!

त्याच वर्षी दिल्लीच्या नाझ फाउंडेशनने 377 विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. तेथे एकाच सरकारची दोन तोंडे दिसली. गृह मंत्रालय म्हणाले, कलम हवेच. आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील नॅको म्हणाली, या कलमाच्या भीतीने माणसे लपतात आणि आमचे काम अडते. 2 जुलै 2009 रोजी न्यायालयाने प्रौढांमधील खाजगी व संमतीच्या संबंधांना या कलमातून मुक्त केले. या निकालाचा आधार होता बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेली संविधानिक नैतिकता. बहुसंख्यांना एखादी गोष्ट किळसवाणी वाटते, एवढ्यावर कोणाचे मूलभूत हक्क हिरावता येत नाहीत. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला, परंतु 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मार्ग कायमचा मोकळा केला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर 377 सारखे कलमच नाही.

"पण बाबासाहेबांचा या विषयाशी काय संबंध?" असे विचारणाऱ्या बांधवांना 1934 सालाची आठवण करून देतो. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध या विषयांवरील उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू मुंबईच्या न्यायालयात कोणी मांडली? बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी! लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही आणि वाचकाने शंका विचारली तर संपादकाने उत्तर का देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण बाबासाहेब ज्ञानाच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर 67 वर्षांनी लखनौत प्रतिबंधाचे साहित्य अश्लील ठरले आणि आज आमच्या समाजमंदिरात तीच पिशवी अश्लील ठरते. मग आम्ही कोणाच्या बाजूला बसलो आहोत? बाबासाहेबांच्या की कर्व्यांवर खटला भरणाऱ्यांच्या?

शुद्ध-अशुद्धतेचा खेळ आपण पिढ्यानपिढ्या भोगला आहे. याला शिवू नका, त्याला आत घेऊ नका, हे शब्द आपल्या आजोबांनी ऐकले. तेच शब्द आपल्या तोंडी कसे शोभतात?

आणि हा प्रश्न केवळ त्या मुलाचा नाही. घरच्या दडपणाने लग्न केलेले असे अनेक पुरुष आहेत. त्यांना वेळीच माहिती, निरोध व तपासणी मिळाली नाही तर संसर्ग त्यांच्या पत्नीपर्यंत जातो आणि त्या माऊलीला तो गरोदरपणाच्या तपासणीत कळतो. पिशवीवाल्या मुलाला हाकलून आपण आपल्याच लेकीबाळींना धोक्यात लोटतो. उलट उपचारांची सोय आज आहे. सरकारी केंद्रात तपासणी मोफत आहे. एआरटीची औषधे 2004 पासून सरकार मोफत देते. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे. औषध आहे, कायदा आहे. अडते ते आपल्या दारात.

2017 च्या कायद्याने संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करण्यास, संमतीशिवाय अहवाल फोडण्यास आणि नोकरी, शिक्षण, उपचार वा घर यांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. कोणावर असा अन्याय झाल्यास गप्प बसू नये, या कायद्याखालील लोकपालाकडे तक्रार करावी. पण जयंतीच्या कमिटीतून काढलेल्या मुलाने कोणाकडे तक्रार करावी? तेथे लोकपाल आपणच.

येत्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, त्या मुलाला सन्मानाने कमिटीत परत घ्यावे. दुसरा, महिन्यातून एक संध्याकाळ समाजमंदिराची खोली आरोग्य मार्गदर्शन आणि तपासणीसाठी द्यावी. तेथे कोण आले, का आले, हे कोणी विचारू नये. ठराव मंजूर होईल की नाही ठाऊक नाही. परंतु या वेळी मी बोलणार आहे. आपापल्या वस्तीत आपणही बोलावे, एवढीच विनंती.

जय भीम!