टोकियोत मध्यरात्र, इंदूरला साडेआठ!

इंदूरकर अ‍ॅनिमेवेड्यांनो, जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथे रात्री १२ला लागलेला एपिसोड इथे साडेआठला बघून सराफ्यात खायला जाता यायला हवं! पण काही मालिकांसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. तोवर कुणीतरी रीलमध्ये शेवट फोडलेला असतो.

उशीर का होतो?

🔸 हक्क: बहुतेक अ‍ॅनिमेंमागे प्रकाशक, टीव्ही वाहिनी, म्युझिक कंपनी अशांची निर्मिती समिती असते. परदेशातले हक्क देश-प्रदेशांनुसार विकले जातात.

🔸 सबटायटल: अनुवाद, संवादाशी वेळ जुळवणं, तपासणी. मूळ एपिसोडच ऐनवेळी हाती आला, की घाई आणि चुका. हिंदी डबिंग बहुधा त्याच्याही मागून.

थिएटरचा हिशेब बघा:
▪️ वेदरिंग विथ यू: जपान १९ जुलै २०१९, भारत ११ ऑक्टोबर २०१९ (तेही चाहत्यांच्या ऑनलाइन याचिकेनंतर!)
▪️ सुझुमे: ११ नोव्हेंबर २०२२, भारत २१ एप्रिल २०२३
▪️ डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल: १८ जुलै २०२५, भारत १२ सप्टेंबर २०२५

आणि एक गंमत. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. ‘त्याला मी… मारलं नाही’ यातला ‘नाही’ पात्र शेवटी उच्चारतं. इंग्रजी सबटायटल तो आधीच सांगून टाकतं. जपानीतले मानाचे बारकावेही इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये विरतात. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण सगळं तयार आहे.

मग मराठी सबटायटल कधी? तुम्ही सध्या कशाची वाट बघताय, कमेंटमध्ये सांगा. स्पॉयलर नको हं!