सौंसर तहसिलीतील ‘क’ तुकडी

शिक्षक दमतो हे सर्वांना ठाऊक असते. तो विटतो, हे मात्र आपल्याकडे कुणी बोलून दाखवीत नाही. दोहोंत फरक आहे. दमलेल्या माणसाला एक रविवार पुरतो. विटलेल्याला दिवाळीची अख्खी सुट्टी पुरत नाही, आणि शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री त्याच्या पोटात गोळा उठतो. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर ह्यांनी १९७४ साली ह्या अवस्थेवर लेख लिहिला आणि ‘बर्नआउट’ हा शब्द त्या अर्थाने चालता झाला. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीत तिची दखल घेतली. तीही रोग म्हणून नव्हे, कामातून उपजणारी अवस्था म्हणून. लक्षणे तीन सांगितली आहेत. अंगातली शक्ती आटणे, कामाविषयी मनात अढी बसणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटत राहणे. माझ्या मते खरे मर्म तिसऱ्यात आहे. पहिली दोन त्याच्याच पोटी जन्माला येतात.

१९९० च्या जुलैत इंदूरहून सौंसर तहसिलीत माझी बदली झाली तेव्हा ही तिन्ही मी पेटीत भरूनच नेली होती. चौदा वर्षे गणित शिकवले होते. फळ्यावर ‘समजा क्ष’ लिहिताना हात आपोआप चालत असे. त्यात पहिले वर्ष १९९१ च्या जनगणनेत गेले. फेब्रुवारीत, ऐन परीक्षेच्या तोंडावर, आम्ही मास्तर मंडळी दारोदार माणसे मोजीत हिंडत होतो. जुलैत मुख्याध्यापकांनी दहावीची ‘क’ तुकडी माझ्या हवाली केली. एकोणीस डोकी. त्यांत एकदा, दोनदा नापास झालेले होते, वर्षाआड शाळा सोडून पुन्हा आलेले होते, आणि एक असा होता की ज्याला कुठल्याच वर्गशिक्षकाने ठेवून घेतले नव्हते. शाळेत ह्या तुकडीला ‘कचरा’तला क म्हणत.

पुढे जाण्यापूर्वी ह्या मुलखाविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. कारण माळव्यातल्या आपल्या मंडळींना पांढुर्णा म्हटले की रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या संत्र्यांच्या टोपल्यांपलीकडे फारसे आठवत नाही. सौंसर आणि पांढुर्णा तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला व सौंसर त्यात गेले. आपले पूर्वज होळकरांच्या पदरी, कुणी शिलेदार तर कुणी कारकून म्हणून, मराठी घेऊन इंदुरास आले. सौंसरचा मराठी माणूस कुठून आलेला नाही. कपाशी आणि संत्री पिकवीत तो होता तिथेच आहे; बदलला तो नकाशा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती आणि राज्यकारभाराच्या भाषा हिंदी व मराठी अशा दोन्ही होत्या. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला, आणि राजधानी भोपाळास गेली. माझ्या वर्गातल्या मुलांचे आजोबा मराठी शाळेत शिकले होते. नातू हिंदी शाळेत बसत होते आणि घरी जाऊन मराठीच बोलत होते. दोघांच्या घरी तर गोंडी होती. म्हणजे त्यांना मराठीसुद्धा ओट्यावर बसून शिकलेली.

मी पहिल्या आठवड्यात सरळव्याजाची उदाहरणे घातली. फळ्याकडे एकोणीस जोडी डोळे, पण वहीत अक्षर नाही. ‘मूलधन’, ‘मिश्रधन’, ‘ब्याज की दर’. शेवटी कंटाळून मी मराठीत विचारले, “मुद्दल म्हणजे काय रे?” तर मागच्या बाकावरून उत्तर आले, “जे बापानं सावकाराकडून आणलं ते. अन् रास म्हंजे जे फेडा लागते ते.” दुसरा म्हणाला, “आमच्यात तर रास फिटतच नाही जी.” वर्ग हसला. त्या तासाला सतरा जणांनी उदाहरण सोडवले.

त्या दिवसापासून मी एक वही केली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे हिंदी. बेरीज आणि जोड. वजाबाकी आणि घटाव. मसावि आणि महत्तम समापवर्तक. ही यादी करताना ध्यानात आले की अगदी अनोळखी शब्द त्रासाचे नव्हतेच. ते मुले पाठ करीत. छळवाद ओळखीच्या शब्दांचा होता. मराठीत ‘राग’ म्हणजे संताप, हिंदी कवितेत राग म्हणजे अनुराग. ‘संसार’ म्हणजे आपल्याला घरप्रपंच, त्यांना सारे जग. ‘चेष्टा’ आपण थट्टेला म्हणतो, ते प्रयत्नाला. ‘परिश्रम की चेष्टा’वर एका मुलाने निबंधात कष्टाची टवाळी कशी करू नये हे मोठ्या कळकळीने लिहिले होते, आणि त्याला दहापैकी एक गुण मिळाला होता. लिंगांची तर और तऱ्हा. मराठीत तीन, हिंदीत दोन. नपुंसकलिंगी ‘घर’ हिंदीत पुल्लिंगी होते आणि ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी. कोणाची वाटणी कुठे, ह्याला नियम नाही. आणि सर्वांवर कळस ‘शिक्षा’. एका मुलाचे आजोबा परीक्षेच्या अर्जावर अंगठा द्यायला आले होते. माथ्यावरची अक्षरे लावीत त्यांनी वाचले, ‘माध्यमिक शिक्षा मंडल’, आणि मला विचारले, “काहून जी गुरुजी, पोराले शिकवता का शिक्षा करता?”

आपल्याला हसू येते खरे. पण आपल्या रामबागेतल्या नातवंडांना एकदा ‘पाऊणशे’ म्हणजे किती, हे विचारून पाहावे. असो.

भाषेइतकेच दुसरे कारण शिवारात होते, आणि ते कुठल्याही तपासणी-अहवालात मला दिसले नाही. ह्या भागात संत्र्याचे दोन बहार घेतात. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरते आणि मृगाचे फेब्रुवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मधल्या काळात कापसाची वेचणी. म्हणजे सहामाही परीक्षा आंबियाच्या तोडीत सापडते, आणि मंडळाची वार्षिक परीक्षा ऐन मृगाच्या तोडीत. हजेरीपटावर ज्याला ‘अनियमित’ म्हणून लाल शेरा असे, तो मुलगा आपल्या कामावर अगदी नियमित असे.

ह्या ठिकाणी मला कोसबाडची आठवण झाली. ताराबाई मोडक १९५७ साली बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि अनुताई वाघांसह त्यांनी वारली मुलांसाठी काम मांडले. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मी काही ताराबाई नव्हे, आणि सरकारी शाळा बागेत हलवायचा अधिकारही मला नव्हता. पण आठवड्यातून एक तास, शाळेला लागून असलेल्या एका विद्यार्थ्याच्या बागेत घ्यायला कुणाची ना नव्हती.

हा तोच मुलगा, ज्याला कुणी ठेवून घेत नव्हते. बागेत तो निराळाच माणूस होता. एकरी झाडे किती, म्हणून विचारले तर पटकन म्हणाला, “एकशे आठ, फार तर नऊ.” कसे, ते त्याला सांगता येईना, वडील सांगत आले होते. मग आम्ही मातीतच काडीने मांडले. दोन झाडांत वीस फूट, दोन ओळींत वीस फूट, म्हणजे एका झाडाला चारशे चौरस फूट जागा. एकराचे ४३,५६० चौरस फूट. भागाकार केला: १०८.९. तो मुलगा त्या आकड्याकडे असा पाहत राहिला की जणू कुणी त्याच्या बापाची सही ओळखली. मी विचारले, अठरा फुटांवर लावली तर? त्याने काडी घेतली, चुकला, पुसले, पुन्हा केले. “एकशे चौतीस. पण फांद्या एकमेकीत जातात, नाही लावत कोनी.” हे उत्तर पुस्तकाच्या मागे सापडायचे नाही.

त्यानेच आम्हाला ‘ताण’ समजावला. बहार धरण्यापूर्वी झाडाचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, काही गळतात. नेमका वेळ साधून पाणी सोडले की झाड फुलांनी लदते. वेळ चुकली, ताण लांबला, तर फांद्या वरून वाळत येतात. हे सांगून झाल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “सर, तुमालेही ताण दिला का जी कोनी?” मी काय उत्तर देणार! पण त्या वर्षी रविवारी संध्याकाळी पोटात उठणारा गोळा मला आठवत नाही, एवढे खरे.

गोटमारीचे मात्र सांगितलेच पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव ह्या दोन काठांवरची माणसे जाम नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी एकमेकांवर दगड फेकतात. माणसे जायबंदी होतात, काही दगावलीही आहेत. बंदोबस्त होतो, आवाहने होतात, गोटमार चालूच आहे. आपल्याला गौतमपुऱ्याचे हिंगोट माहीत असल्याने फार नाक मुरडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात तीन डोक्यांना पट्ट्या होत्या, आणि त्या तिघांनाही आदल्या आठवड्यात गुडघेदुखीमुळे शाळेत येता आले नव्हते.

चित्रपटात अशा वर्गाची गोष्ट ठरलेली असते. मास्तर जागा होतो, मुले जागी होतात, शेवटी सगळे पास. इटलीतील बार्बियाना ह्या डोंगरी खेड्यातली गोष्ट मला त्याहून प्रामाणिक वाटते. तिथे दोन लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्याने शाळेने टाकलेल्या शेतकरी मुलांची शाळा चालवली, आणि त्यांतल्या आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या बाईंना एक पुस्तकभर पत्र लिहिले. १९६७ साली ते छापून आले. मिलानी त्याच जूनमध्ये वारले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ ह्या नावाने आले आहे. त्या मुलांनी मास्तरांचे गोडवे गाण्यापेक्षा हिशेब मांडला आहे: कोण गळाले, कोणत्या घरचे, कोणत्या इयत्तेत.

तसा हिशेब मलाही द्यावयास हवा. १९९२ च्या मार्चात एकोणिसांपैकी सोळा परीक्षेला बसले. आठ पास झाले. चौघांना एका विषयात पूरक परीक्षा मिळाली, त्यांतले दोघे सुटले. उरलेले नापास. पुढे २०१६ साली राज्यात ‘रुक जाना नहीं’ ही योजना सुरू झाली. नापास झालेल्याला मुक्त शाळेमार्फत त्याच वर्षी पुन्हा बसता येऊ लागले. तेव्हा तशी सोय नव्हती. न बसलेल्या तिघांत वर्गातली सर्वांत हुशार मुलगी होती. गणितात ती माझ्या पुढे एक पायरी असायची. माघात तिचे लग्न ठरले. मी दोनदा घरी गेलो. तिची आई मला चहा देऊन म्हणाली, “गुरुजी, परीक्षा दर साली येते जी, स्थळ येत नाही.” वडील बाहेर आलेच नाहीत. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने काही विचारले नाही आणि मीही काही सांगू शकलो नाही. त्या आठ पासांच्या यादीपेक्षा तो दरवाजा मला अधिक लख्ख आठवतो.

बागेतला मुलगा इंग्रजीत गेला. पूरक परीक्षेतही गेला, आणि मग त्याने शाळेचा नाद सोडला. त्याचे अक्षर मात्र मोत्यासारखे. माझी ती शब्दांची वही त्याने मागून नेली होती, ती पुढच्या जुलैत परत आणून दिली. तोवर त्याने तिच्या अकरा प्रती हाताने उतरल्या होत्या, मधे मधे आपल्याकडचे शब्द घालून. ‘विसार’समोर ‘बयाना’ लिहिलेला मला तिथेच प्रथम सापडला. नव्या ‘क’ तुकडीतल्या मुलांना तो त्या प्रती पाच-पाच रुपयांना विकत होता. मीही एक मागितली. त्याने माझ्याकडूनही पाच रुपये घेतले.