जागल्या आणि वर्तमानपत्रे

सिल्वासातील आमच्या घरी मुंबईचे मराठी व सुरतेचे गुजराती अशी दोन वर्तमानपत्रे येतात. गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी, येथील एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करणारा परिचयातील तरुण आमच्याकडे आला. काही खोटी बिले त्याच्या नजरेस पडली होती. समोरच्या वर्तमानपत्राकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काका, मी बोललो तर माझे नाव यात छापून येईल, पण ती बिले कोणी तपासणार आहे का?" या प्रश्नाने आम्हांस विचारात पाडले.

रात्री गावात गस्त घालणाऱ्यास आपल्याकडे जागल्या म्हणत. कचेरीतील गैरव्यवहार उघड करणाऱ्यासही आता मराठी वर्तमानपत्रे हेच नाव देतात. परंतु जागल्याने आरोळी दिली, की गावाने चोराचा माग काढावयाचा असतो. वर्तमानपत्रे मात्र बहुधा जागल्याच्याच तोंडाकडे पाहत राहतात.

मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांचेच पाहा. बेकायदा इमारतींवर हातोडा चालविणारा हा अधिकारी आरंभी एकाकी वीर म्हणून रंगविला गेला. १९९४ मध्ये त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्र्यांवर जाहीर आरोप केले, आपल्यापाशी ट्रकभर पुरावे असल्याचे सांगितले आणि ते निलंबित झाले. ते पुरावे काही पुढे आले नाहीत, ही उणीव त्यांचीच. मग वीराची थट्टा सुरू झाली. पण बेकायदा इमारती मुळात उभ्या कशा राहतात, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

सत्येंद्र दुबे या महामार्ग अभियंत्याची कथा याहून करुण. २००२ मध्ये त्यांनी रस्तेबांधणीतील गैरप्रकार पंतप्रधानांना पत्राने कळविले व नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट कचेऱ्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. तपास यंत्रणेने ती लुटारूंची करणी ठरविली. देशाने त्यांचे नाव ऐकले ते मृत्यूनंतरच.

याउलट २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांविषयी लिहिलेले पत्र गाजले, तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडेही हाती घेतले. सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्चूनही दहा वर्षांत सिंचनाचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढले, असा तो हिशेब होता. शासनाने श्वेतपत्रिका काढून तो अमान्य केला व वाढ ५.१७ टक्के सांगितली. कोण खरे, याविषयी मतभेद असोत. वाद माणसावरून हिशेबावर आला, हे मोठेच काम झाले.

२०१४ मध्ये संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. पण तो शासकीय कारभारापुरताच, आणि त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी अंमलात आला नव्हता. खासगी कारखान्यातील आमच्या तरुणास त्याचा आधार कसला? त्याला आम्ही एवढेच सांगितले, की जे पाहिलेस तेवढेच तारीखवार लिहून ठेव, पदरचे काही घालू नकोस आणि चांगल्या वकिलास विचारल्यावाचून पाऊल टाकू नकोस.

तो अद्याप निर्णयाप्रत आलेला नाही. वाचकहो, उद्या त्याचे वा त्याच्यासारख्या कोणाचे छायाचित्र छापून आले, तर हा माणूस थोर की विक्षिप्त, हे ठरविण्याची घाई आपण करू नये. त्या बिलांचे पुढे काय झाले, हे मात्र अवश्य विचारावे.