‘प्रश्न उद्भवत नाही’

आमच्या गावाहून शाळेला जाताना एक नाला लागतो. त्यावर रपटा आहे, पूल नाही. पावसाळ्यात वरच्या अंगाला जोराची सर आली की रपट्यावरून कमरेइतके पाणी वाहते आणि पलीकडच्या शाळेत जाणारी मुले त्या दिवशी घरी राहतात. आठवी ते दहावी अशी तीन वर्षे मी त्या रपट्यावरून गेले. शाळेचे किती दिवस बुडाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आता धाकटा भाऊ तोच हिशेब पुढे चालवीत आहे.

मी अकरावीत असताना हा रपटा विधानसभेत गेला. आमच्या भागाच्या आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न दिला होता. त्याच्या उत्तराची झेरॉक्स कोणीतरी बाबांना आणून दिली. बाबा शेतमजूर, दुसरीनंतर शाळा सुटलेले. कागद वाचायला अर्थातच मला बसवले. ओट्यावर आठदहा माणसे जमली. मी वाचू लागले : अमुक गावाजवळील रपटा पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हे खरे आहे काय? असल्यास, पूल बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर असे होते : (१) हे अंशतः खरे आहे. (२) अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू असून निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घेण्याचे नियोजन आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

बाबा म्हणाले, “म्हंजे पूल होनार का नाई, थे सांग.” मला सांगता आले नाही. रपटा ‘अंशतः’ कसा बुडतो, हेही कळले नाही. घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच. त्यामुळे मला न समजलेली गोष्ट म्हणजे मोठीच अवघड असणार, असे मानून मंडळी उठून गेली.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेतल्यावर त्या कागदाचा अर्थ थोडाथोडा उलगडू लागला. तो येथे मांडते. माझ्यासारखे कागद पुष्कळांच्या घरी असतील.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे आणि ज्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न. सारा कस या उपप्रश्नांत असतो. ‘नियोजन आहे’ असे लेखी उत्तर आले, तर उठून विचारता येते : कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात? किती रकमेचे? परंतु प्रश्नोत्तरांचा वेळ साधारण एक तास, आणि त्या दिवसाची यादी लांबलचक. तासाभरात वरचे थोडे प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे छापील स्वरूपात सभागृहापुढे ठेवली जातात आणि विषय संपतो. आमचा रपटा यादीत बराच खाली होता. तो पुकारला गेलाच नाही. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि प्रत्येकाच्या मतदारसंघात असे कितीतरी रपटे असतील, तेव्हा यात कोणा एकाचा दोष काढता येत नाही.

मग सभागृह जास्त दिवस का भरत नाही? राज्यघटनेच्या १७४व्या अनुच्छेदाप्रमाणे एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, एवढेच बंधन आहे. वर्षातून किती दिवस बसावे, याविषयी घटना काही सांगत नाही. १९४९ साली घटना समितीत संसदेच्या बैठकांसंबंधी हाच मुद्दा निघाला होता. प्रा. के. टी. शहा यांना अधिवेशने अधिक काळ चालावीत अशी तरतूद हवी होती. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे की, हे किमान बंधन आहे, जास्त वेळा बसायला कोणाची आडकाठी नाही. उलट अधिवेशने इतकी वारंवार आणि इतकी लांब होतील की सदस्यच कंटाळतील, अशी त्यांना भीती वाटत होती. ही भीती खोटी ठरली. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने २००२ साली सुचविले की, सत्तरहून अधिक सदस्य असलेल्या राज्य विधिमंडळांनी वर्षातून किमान ९० दिवस बसावे. ही केवळ शिफारस आहे. महाराष्ट्रात २०२०चे पावसाळी अधिवेशन कोरोनामुळे दोनच दिवस चालले, त्याच वर्षीचे हिवाळी अधिवेशनही दोन दिवसांचे. साथीत इलाज नव्हता हे मान्य. पण साथ नसतानाही आकडा नव्वदीच्या जवळ जात नाही.

नागपूरच्या अधिवेशनाबद्दल आम्हा विदर्भातल्या मुलांना जरा जास्तच आपुलकी आहे. १९५३च्या नागपूर कराराने वर्षातून एक तरी अधिवेशन नागपूरला भरावे असे ठरले आणि १९६०पासून तशी प्रथा पडली. २०१८ साली पावसाळी अधिवेशनच नागपूरला घेतले, तेव्हा विधानभवनाच्या आवारात पाणी शिरून वीज बंद करावी लागली आणि एका दिवसाचे कामकाज बुडाले. (ही बातमी वाचून आमच्या गावात बरेच हसले. पाण्याने काम बुडते म्हणजे काय, ते एकदा तिकडेही कळले!) २०२० आणि २०२१ची हिवाळी अधिवेशने मुंबईतच झाली. २०२१च्या जानेवारीत विधिमंडळ सचिवालयाचा कायमचा कक्ष नागपुरात सुरू झाला, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

बाबा एकदा मोर्चात नागपूरला गेले होते. टेकडी मार्गावर पोलिसांच्या कठड्यापाशी चार तास बसले, शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देऊन आले, आणि रात्रीच्या गाडीने सगळे परत. अधिवेशन जवळ भरते म्हणून निदान कठड्यापर्यंत तरी जाता येते. त्यापुढचे काम दिवस वाढवून आपोआप होईल, असे मात्र मला वाटत नाही. नव्वद दिवस बसले तरी प्रश्नांचा तास तासाभराचाच राहणार. माझ्या मते खरी सुधारणा हवी आहे ती सभागृह बंद असते त्या महिन्यांत.

त्या महिन्यांत विधिमंडळ जिवंत असते ते समित्यांच्या रूपाने. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून खात्यांना जाब विचारते. अंदाज समिती खर्च पाहते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही ते तपासते. महाराष्ट्रात पंचायत राज समितीही आहे. ती जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षणातील आक्षेप घेऊन थेट जिल्ह्यात येते आणि अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते.

या समितीचा महिमा मला पुस्तकाआधी काकांकडून कळला. ते एका जिल्हा परिषदेत शिपाई होते. समिती येणार असे पत्र आले की काय होते, ते काका रंगवून सांगतात. दहा दहा वर्षे न सापडलेल्या फायली दोन दिवसांत सापडतात. रजेवरचे बाबू परत येतात. स्वच्छतागृहाला नवी कडी बसते. काकांनी त्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत गठ्ठे वाहिले आहेत. ऐकून आम्ही हसायचो. आता वाटते, यात हसण्यापेक्षा शिकण्यासारखे जास्त आहे. विचारणारा दारात येणार, त्याच्या हातात आक्षेपांची यादी असणार आणि उत्तर तोंडी द्यावे लागणार, एवढे कळताच तीच माणसे, तेच कार्यालय कामाला लागते. समिती गेली की फायली पुन्हा कपाटात जातात, कारण ती परत कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसते.

समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. साक्ष घेताना गुप्तता लागत असेल. पण कोणत्या गावाच्या कोणत्या आक्षेपावर काय उत्तर मिळाले, हे त्या गावाला कळायला हरकत नसावी. समितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवला जातो. त्यावर ठरावीक मुदतीत चर्चा झालीच पाहिजे असा नियम हवा. महालेखापरीक्षकांचे अहवाल पुष्कळदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी मांडले जातात. त्या दिवशी ते वाचणार कोण आणि त्यावर बोलणार कधी?

अंदाजपत्रकाचेही तेच. सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा करायला वेळ पुरत नाही, मग उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. शब्द फ्रेंच राज्यक्रांतीतला, आणि चपखल. केरळने यावर १९८० साली एक उपाय काढला. तेथे विषयवार समित्या आहेत आणि खात्यांच्या मागण्या मतदानापूर्वी त्या त्या समितीकडे छाननीसाठी जातात. संसदेने खातेनिहाय स्थायी समित्या १९९३मध्ये सुरू केल्या, म्हणजे केरळनंतर तेरा वर्षांनी. केरळच्या पद्धतीत एक गोम आहे : समितीचे अध्यक्षपद त्या खात्याच्या मंत्र्याकडेच असते. ज्याची तपासणी करायची त्यालाच परीक्षक नेमल्यासारखे ते वाटते. आपल्याकडे अशा समित्या कराव्यात, पण अध्यक्ष मंत्री नसावा. लोकसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे, तोच कित्ता गिरवता येईल.

समित्यांना हाताखाली माणसेही लागतील. घटनेच्या १८७व्या अनुच्छेदाने विधिमंडळाला स्वतःचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग दिला आहे, कारण ज्या सरकारला प्रश्न विचारायचे त्याच्याच कारकुनावर अवलंबून राहणे बरे नव्हे. पण हिशेब वाचणारे, अंदाजपत्रकाचे जाडजूड खंड उलगडून सांगणारे लोक त्या वर्गात पुरेसे असले पाहिजेत. अर्थशास्त्राचे पदवीधर आपल्या कॉलेजातून दरवर्षी बाहेर पडून नोकरी शोधतात. सरांनी हे वाचून हसू नये, मी गंभीरपणे सुचवीत आहे.

आमच्या कागदाकडे परत येते. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ या शब्दांना तारीख नसते. तारीख नाही म्हटल्यावर चुकली हे दाखवणार कसे? लोकसभेत मंत्र्याने दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे असा दंडक आहे. मुदत टळली तर खात्याला वाढ मागावी लागते, म्हणजे निदान पुन्हा तोंड उघडावे लागते. प्रत्येक लेखी उत्तरातल्या ‘नियोजना’लाही अशी मुदत लावली आणि त्याची यादी गावाच्या ग्रामपंचायतीत टांगली, तर मला वाटते अर्धे काम होईल.

विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, हे मला यंदाच कळले. नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत सभागृहापुढे जाऊ शकतो. मी मसुदा लिहिला आहे. सरांनी त्यातली चार विशेषणे खोडली आणि बुडालेल्या शाळेच्या दिवसांचा आकडा घालायला सांगितले. तो आकडा मिळवण्यासाठी भावाच्या शाळेतले हजेरीपट पाहावे लागतील. मुख्याध्यापक हो म्हणाले आहेत. अर्जाच्या शेवटी मी त्या कागदातलेच वाक्य घेतले आहे : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सह्या दिवाळीच्या सुट्टीत घ्यायच्या आहेत. बाबा अंगठ्याऐवजी सही करणार म्हणतात, म्हणून रात्री पाटीवर गिरवीत बसतात.