वीज गेल्यावर जनरेटर जोडताना

वीज गेली की जनरेटर चालू करायचा आणि त्याची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसायची, ही रीत पुष्कळ वस्त्यांवर दिसते. दिवे लागतात खरे. पण मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज मीटरमधून उलटी खांबावर जाऊ शकते, आणि ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करतो. लाइन बंद आहे असे समजून वर चढलेला लाइनमन बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो.

यासाठी डबल पोल डबल थ्रो स्विच बसवा. दुकानात चेंजओव्हर म्हणून मागा. डबल पोल म्हणजे फेज व न्यूट्रल दोन्ही तारा एकदम तुटतात. डबल थ्रो म्हणजे दांडी दोन बाजूंना पडते. मध्ये ठेवली की सगळे बंद. दांडी एकच, म्हणून मेन आणि जनरेटरची गाठ पडतच नाही.

याला सहा टर्मिनल असतात. मधल्या दोहोंना घराची किंवा मोटारीची वायर, वरच्यांना मीटरकडची, खालच्यांना जनरेटरची. फेज तिन्ही ठिकाणी एकाच बाजूला ठेवा. काही बनावटींत जागा निराळ्या असतात, तेव्हा झाकणावरची आकृती पाहा. अर्थिंगची तार मात्र या स्विचमधून नेऊ नका. ती सलग राहू द्या.

३ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार सुमारे १७ अँपिअर घेते, सुरू होताना कितीतरी जास्त. म्हणून ३२ अँपिअरचा स्विच घ्या, स्वस्ताच्या मागे लागू नका. थ्री फेजला हा चालत नाही, चार पोलचा लागतो. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि दांडी फिरवण्याआधी मोटार स्टार्टरवर बंद करा.