इंजिनातलं ऑईल आपोआप वाढलंय? बोटवाल्यांनी आधी फीड पंप बघावा

इंजिन चालेल तसं त्यातलं ऑईल कमी होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एखाद्या सकाळी दांडी बाहेर काढावी आणि ऑईल मागच्या आठवड्यापेक्षा वर दिसावं, असंही होतं. नवखा खलाशी खूश होतो, चला, खर्च वाचला. जुना तांडेल मात्र ती दांडी नाकाजवळ नेतो. डिझेलचा वास आला की बोट धक्क्यावरून हलवत नाही.

कारण बहुतेकदा एकच असतं. इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांवर बसवलेला, मुठीएवढा फीड पंप.

टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरमधून मोठ्या पंपापर्यंत, म्हणजे इंजेक्शन पंपापर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल 200 बारच्या आसपास दाबावर डिझेल फवारतं. फीड पंपाचा दाब बहुतेक वेळा अर्ध्या बारच्या आतबाहेर, सायकलच्या टायरमधल्या हवेपेक्षाही कमी. पण टाकी इंजिनाच्या खाली किंवा लांब असली की या छोट्याशिवाय मोठ्याचं चालत नाही.

या पंपाच्या पोटात कापड आणि रबराचा एक पडदा असतो, डायफ्रॅम. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरला की पंपाचा लिव्हर खालीवर होतो आणि त्याच्याबरोबर पडदाही. एका व्हॉल्व्हमधून डिझेल आत येतं, दुसऱ्यातून पुढे जातं. जुने मेकॅनिक याला 'एसी पंप' म्हणतात. त्याचा गार हवेशी काही संबंध नाही. एसी हा असे पंप बनवणारा अमेरिकन ब्रँड, आणि ती अक्षरं अल्बर्ट चॅम्पियन या त्याच्या संस्थापकाच्या नावातली.

आता गोम अशी की पडद्याच्या एका बाजूला डिझेल आणि दुसऱ्या बाजूला थेट इंजिनाचं पोट. पडदा वयाने कडक होतो, चिरतो. चीर मोठी असेल तर इंजिन गचके खातं, बंद पडतं, निदान कळतं तरी. चीर छोटी असेल तर इंजिन व्यवस्थित चालत राहतं आणि डिझेल थेंबथेंब ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ झालं की बेअरिंगवरचा थर टिकत नाही. बेअरिंग गेलं की क्रँक गेला. पातळी फार वाढली तर हेच ऑईल सिलिंडरपर्यंत पोचून जळायला लागतं, आणि मग डिझेल बंद केलं तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो. किनाऱ्यापासून लांब असताना यातलं काहीही झालं तर टोचन करायला दुसरी बोट यायची वाट बघणं एवढंच हातात उरतं.

म्हणून या कामाचा हंगाम ठरलेला. 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जाळी विणायची, लाकूडकाम, रंगरंगोटी, इंजिनकाम सगळं याच दोन महिन्यांत. तेव्हा पंप बदलून घेणं सोपं.

काम तासाभराचं आहे, पण क्रम चुकवू नये. आधी टाकीचा कॉक बंद. दोन्ही पाइप सोडताना खाली डबा धरायचा, कारण सांडलेलं डिझेल तळात जातं आणि तिथून पाणी उपसताना समुद्रात. बोल्ट काढून पंप सोडवला की जुनं पॅकिंग खरवडून काढायचं. तुकडे आत पडू नयेत म्हणून भोकात स्वच्छ चिंधी कोंबायची (आणि नंतर आठवणीने काढायची).

नवा पंप बसवताना खरी मेख लिव्हरची. तो कॅमच्या उंच भागावर आला तर पंप ब्लॉकला टेकतच नाही. मग काही जण बोल्ट आवळून पंप ओढून बसवतात आणि लिव्हर किंवा पंपाचा कान मोडतो. त्यापेक्षा इंजिन हाताने थोडं फिरवावं, पंप आपोआप टेकतो. दोन्ही बोल्ट आधी हाताने, मग आळीपाळीने आवळायचे. तांब्याचे वायसर नवेच घ्यावेत. जुन्यातून हवा ओढली जाते आणि दोष नव्या पंपाला लागतो.

मग एअर काढायची. पंपाचा हाताचा लिव्हर दाबत राहायचं, फिल्टरच्या स्क्रूतून बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. त्यानंतर इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. लिव्हर ढिला लागला तर पंप खराब समजू नये. कॅम उंचावर आहे, इंजिन थोडं फिरवायचं.

इथे बरेच जण इंजिन चालू करून मोकळे होतात. पण डिझेल मिसळलेलं ऑईल अजून आतच असतं! ते आणि ऑईल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. पंपाच्या खर्चात ऑईलचा खर्च आधीच धरलेला बरा.

पेट्रोलवर चालणाऱ्या इनबोर्ड बोटीत धोका आणखी वेगळा. पेट्रोलची वाफ जड, ती बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीने भडका उडतो. अमेरिकेतल्या नियमानुसार अशा बोटीच्या पंपाचा मुख्य पडदा फाटला तरी पंपातून इंधन गळता कामा नये. म्हणून बोटीच्या पंपात दोन पडदे असतात. गाडीचा पंप दिसायला तसाच आणि स्वस्त, पण तो तिथे लावायचा नसतो.

आता जालन्यात मस्तगडला बसून हे वाचणारा म्हणेल, कुंडलिकेत कुठे आल्यात मच्छीमार बोटी? बोटी नाहीत, पण ट्रॅक्टर आहेत. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर हाच पडद्याचा पंप असतो आणि तोही असाच ऑईलमध्ये डिझेल सोडतो. फरक इतकाच की ट्रॅक्टर बंद पडला तर माणूस बांधावरून चालत घरी येऊ शकतो.